वर केलेला हात

त्या साली थंडी उंबऱ्यापर्यंत जाऊन मागे फिरली. छिंगमिंगच्या सणाला, म्हणजे पितरांची थडगी झाडायच्या दिवसाला, तीन आठवडे उरले होते. चहाच्या झुडपांना कोवळी पालवी फुटली होती आणि एका पहाटे सगळ्या उतारावर दव गोठलं. दुपारपर्यंत कळ्या करपून काळ्या पडल्या. छिंगमिंगच्या आधी खुडलेला चहा म्हणजे वर्षाची भाकरी, त्यानंतरचा घरच्या किटलीपुरता. योलान टोपली घेऊन उतारावर गेली, चार कळ्या बोटांत चुरगाळून बघितल्या आणि रिकामीच परत आली.

दाशुन, तिचा नवरा, ओसरीवर पोटाला पट्टा आवळून बसला होता. दोन वर्षांपूर्वी बांधकामावर सिमेंटची गोणी उचलताना त्याची कंबर गेली, ती परत आलीच नाही.

"किती वाचल्या?" त्याने विचारलं.

"तुझ्या एका कपापुरत्या."

त्याने पट्टा थोडा सैल केला. मग म्हणाला, "तू शाळेत जा. तुला लिहिता-वाचता येतं. भात मी शिजवीन."

"तू शिजवशील? मग जेवायचं काय?"

"जळका भात पचनाला चांगला असतो म्हणतात."

ती हसली. रडण्यापेक्षा हसणं सोपं होतं, म्हणून हसली.

शाळा म्हणजे गावातली बंद पडलेली प्राथमिक शाळा. पोरं आईबापांबरोबर शहरात गेली आणि वर्ग ओस पडले. गेल्या वर्षी तिथे तीस कॉम्प्युटर आले आणि गावातल्या बाया पोरांच्या जागी बसू लागल्या. फरक इतकाच की आता बायाच मास्तर होत्या आणि विद्यार्थी होता कॉम्प्युटर. त्याला म्हणे दिसतं सगळं आणि कळत काही नाही. कळेपर्यंत माणसाने बोट दाखवून सांगत बसायचं, ही गाडी, हा कुत्रा, हा रस्ता. लाखदा सांगितलं की मग त्याच्या डोक्यात उजेड पडतो. गावातली काही माणसंही अशीच होती, पण त्यांना शिकवायचा पगार मिळत नव्हता.

पहिल्याच दिवशी दारातल्या हजेरीच्या यंत्राने योलानला ओळखायला नकार दिला. तिने अंगठा टेकवला, यंत्र लाल झालं. पुसून टेकवला, पुन्हा लाल. तीस वर्षं चहा खुडून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मागे बायांची रांग खोळंबली.

"अगं थुंकी लाव, थुंकी!" मागून फेंगमेई ओरडली. फेंगमेई म्हणजे तिची शेजारीण, तोंडाने फटकळ. "त्याला वाटतंय तू भूत आहेस."

योलानने कानकोंडी होऊन अंगठा चाटला आणि परत टेकवला. यंत्र हिरवं झालं. त्यानंतर रोज सकाळी ती दारात अंगठा चाटूनच आत शिरायची.

तिच्या वाट्याला आलं ते काम म्हाताऱ्या माणसांचं होतं. गावोगाव म्हातारी माणसं एकटी राहतात आणि त्यांची मुलं दूर कारखान्यांत. मुलं घरात कॅमेरा लावून जातात. आई पडली, तर कॅमेऱ्याने आपण होऊन मुलाचा फोन वाजवायचा, असं ते यंत्र एक कंपनी बनवत होती. पण पडणं म्हणजे काय, ते त्याला आधी शिकवायला हवं. पडद्यावर दहा-दहा सेकंदांचे तुकडे यायचे. एक खोली, एक चूल, एक म्हातारी. चेहऱ्याच्या जागी धूसर डाग, कारण कोणाची ओळख पटू नये असा कायदा. योलानने माणसाभोवती चौकट काढायची आणि खाली खूण करायची, 'उभी', 'बसली', 'झोपली', 'पडली'. शिवाय आणखी एक खूण होती, 'हात हलवला, ठीक'.

या शेवटच्या खुणेचा नियम निंग्याने सगळ्यांना उभं राहून समजावला होता. निंग्या त्यांची मुकादम, तालुक्याची मुलगी, सव्वीस वर्षांची, चष्म्याआड कायम झोप अपुरी.

"म्हातारी माणसं जमिनीवर बसतात, उन्हाळ्यात फरशीवर आडवी होतात, आणि कॅमेऱ्याकडे बघून मुलांना हात करतात. यंत्राला वाटतं पडली. मुलांचे फोन उगाच वाजतात, मुलं चिडतात. तेव्हा जमिनीवर असलं तरी हात वर असेल तर 'ठीक'. कळलं?"

कळलं. योलानला फारच चांगलं कळलं. तिचा हात चहावर चालायचा तसा माउसवर चालू लागला, न बघता, न थांबता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं असत. शंभरात सत्त्याण्णव खुणा बरोबर असतील तर नाव हिरवं, खाली गेलं की लाल, आणि लाल राहिलं की महिनाभर घरी. योलान पंधरा दिवसांत हिरव्यांत पहिल्या पाचांत आली. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, पण घरी गेलं की दाशुन जळका भात वाढायचा आणि मोहरीच्या तेलाने तिची मान चोळायचा. दोन वर्षं तिने त्याची कंबर चोळली होती. आता तो चोळत होता आणि बायकोला आपण काहीतरी देतोय याचाच त्याला आनंद झाला होता.

"आणखी एक म्हातारी टाटा करतेय," फेंगमेई शेजारच्या खुर्चीवरून म्हणायची. "मला नाही बाई कोणी असा टाटा करत."

छिंगमिंगला सुट्टी मिळाली. योलान खिंडीपलीकडे माहेरी गेली. बाप डोंगरावर थडग्यात होता आणि आई घरात एकटी. धाकटा भाऊ योपिंग दूर दक्षिणेत पत्रे दाबायच्या कारखान्यात, बारा-बारा तास. मागच्या वर्षी नववर्षाला येऊन त्याने कपाटावर कॅमेरा बसवला होता, यंदा तो आलाच नव्हता. आईने त्याच्या शेजारी प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती, एकट्याला बरं वाटावं म्हणून.

"योपिंग, बघ कोण आलंय," आई कपाटाकडे मान वर करून म्हणाली. "ताई आली. डुकराचं खारवलेलं मांस आणलंय तिने. तुझा वाटा टांगून ठेवते."

"तो आत्ता बघतोय होय?" योलानने विचारलं.

"बघतो की. नाहीतर हिरवा दिवा कशाला जळेल?"

योलानने दिव्याकडे बघितलं. दिवा लागतो तो वीज आहे म्हणून, एवढं तिला शाळेत बसून कळलं होतं. पण आईच्या तोंडावरचा तो विश्वास बघून तिची जीभ रेटेना.

आई भाजी चिरायला बसली, आणि योलानच्या लक्षात आलं की सुरी डाव्या हातात आहे. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वाकडं होतं. वाकलेला खिळा हातोडीने सरळ करताना अर्धाच व्हावा, तसं.

"हे काय झालं?"

"म्हातारपण."

"म्हातारपण एकाच हाताला येतं होय?"

आईने भाजीकडे बघत बघत सांगितलं. बाराव्या महिन्यात, दुपारी जेवण झाल्यावर, शेगडीत कोळसा घालताना पाय सरकला. उठता येईना. हात सुजून टम्म. शेजारची ली बाई चाळण मागायला आली तेव्हा अंधारायला लागलं होतं.

"म्हणजे दुपारभर तू जमिनीवर? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या घरात एक आजारी आहे की. किती उचलशील?"

"योपिंगला तरी..."

"त्याला दिसलं असणारच. मी हात केला ना."

योलानच्या हातातली वाटी तशीच राहिली. "हात केलास?"

"हा चांगला हात. असा." आईने डावा हात कपाटाकडे वर केला आणि हलवला. तो हात योलानच्या ओळखीचा होता. रोज, दिवसभर, धूसर डागाखाली तो हात तिने बघितला होता आणि खाली खूण केली होती, ठीक, ठीक, ठीक.

ती आईजवळ जमिनीवर बसली.

"आई, खरं सांग. हात केलास तो बोलवायला, की बरी आहे म्हणायला?"

आईने सुरी खाली ठेवली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"आधी बोलवायला," ती म्हणाली. "मग मनात आलं, तो यंत्रासमोर उभा असेल. फोनमध्ये मला अशी बघून दचकला आणि त्याचा हात दाबयंत्रात गेला तर? म्हणून मग हसले आणि हात हलवला. मी बरी आहे म्हणून."

योलानने ते वाकडं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि त्यावर डोकं टेकवलं. आई म्हणाली, "अगं भाजी राहिलीय," आणि तरीही हात काढून घेतला नाही.

परत येताना खिंडीत उभं राहून तिने भावाला फोन लावला. जेवणाची सुट्टी होती, मागे यंत्रांचा धडधडाट चालूच होता.

"तू बघतोस का रे कॅमेऱ्यात?"

"पहिले पंधरा दिवस रोज बघायचो," योपिंग म्हणाला. "मग ताई, इथे उभ्या उभ्या झोप येते. वाटलं, पडलीच तर फोन वाजेल. वाजला नाही म्हणजे ठीक आहे."

"ती पडली होती. हात मोडला तिचा."

"पण वाजला नाही गं," तो लहान आवाजात म्हणाला.

योलानला त्याला शिव्या घालायच्या होत्या, शब्द जिभेवर आले होते. पण फोन का वाजला नाही ते सगळ्या घराण्यात फक्त तिलाच ठाऊक होतं. ते यंत्र तिच्याआधीचं, कोण्या दुसऱ्या बाईने शिकवलेलं असेल, पण धडा तोच होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तिला आपलं जळल्यावर कळलं होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अंगठा चाटून ती आत गेली आणि सरळ निंग्यासमोर उभी राहिली.

"माझ्या जुन्या खुणा मला परत उघडून दे. 'हात हलवला' वाल्या. जमिनीवरच्या."

"का? तपासणीत पास झाल्यात त्या, योलानताई."

"चुकल्यात."

"नियमाप्रमाणे बरोबर आहेत."

"मग नियम चुकलाय."

निंग्याने चष्मा काढून डोळे चोळले. मुलगी वाईट नव्हती, पण तिच्याही वर कोणीतरी होतं, आणि त्याच्याही वर. "तुम्हाला माहीत आहे का, पास झालेली खूण बदलली की ती तुमचीच चूक धरतात? तुमचं नाव लाल होईल. महिनाभर काम बंद. दाशुनदादांचं औषध कसं आणणार?"

योलानने यावर वाटेत विचार केला नव्हता असं नाही. स्कूटरवर सबंध खिंड उतरताना दुसरा विचारच केला नव्हता.

"निंग्या, तुझी आई फोनवर काय म्हणते? कशी आहेस विचारलं की?"

"ठीक आहे म्हणते."

"सगळ्यांच्या आया ठीक आहे म्हणतात. मरेपर्यंत म्हणतात. त्यांचा चेहरा बघूनच कळतं खरं काय ते, आणि चेहरा तर तुम्ही पुसून टाकलाय. मग उरलं काय? नुसता हात. जमिनीवर पडलेल्या म्हातारीने हात वर केला तर धावत जायचं. उगाच गेलो तर उगाच गेलो. फुकटचा एक फोन झाला, काय बिघडलं?"

सगळ्या वर्गातल्या माउसची टिकटिक थांबली होती. निंग्याने चष्मा परत घातला. "मी वर लिहून पाठवते," ती म्हणाली. "उत्तर येईल असं वाटत नाही. आणि खुणा... उघडून देते."

तीन दिवस लागले. प्रत्येक तुकडा पुन्हा बघायचा. जी आपणहून टेकून बसली होती आणि हात करत होती तिला तसंच ठेवायचं. जिची चप्पल एकीकडे आणि पाय भलतीकडे होता, जिच्या बाजूला भांडं लवंडलं होतं, तिची खूण बदलायची. काहींचं काही केल्या कळत नव्हतं, त्यांनाही तिने 'पडली' केलं. एक म्हातारी हात वर करून मग तोच हात जमिनीवर टेकवून हळूहळू उठून बसली आणि आधी केस सारखे केले. ते बघून योलान बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली. दोनशे एकसष्ट खुणा बदलल्या. पहिल्या दिवशी दुपारीच भिंतीवर तिचं नाव लाल झालं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या खाली गेलं.

"माझ्याही दोन-चारशे असतील अशा," निघताना फेंगमेई दारात म्हणाली.

"मग?"

"मग काय? माझी आई गेली केव्हाच. मला कशाला पुळका?" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. आठ दिवसांनी कोणीतरी सांगितलं, फेंगमेईचं नावही लाल झालंय. त्या संध्याकाळी ती योलानच्या ओसरीवर लोणच्याच्या मिरच्यांची बरणी ठेवायला आली आणि म्हणाली, "बोलू नकोस. एक शब्द बोललीस तर बरणी परत नेईन."

तो महिना ओढगस्तीचा गेला. योलानने दुसऱ्यांच्या मक्यात खुरपणी केली, उरलासुरला जाड चहा खुडला. दाशुनने औषध एक दिवसाआड केलं आणि सांगितलं नाही. तिला डबीतल्या गोळ्यांवरून कळलं. ती चिडली, तेव्हा तो म्हणाला, "मी ठीक आहे."

"तो शब्द या घरात परत काढायचा नाही," ती इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या पळाल्या. मग त्याने खरं खरं सांगितलं, कुठे दुखतं, किती दुखतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. इतकं त्याने कधी सांगितलं नव्हतं.

पुढे तिला परत कामावर घेतलं. कामाला माणसं कमी होती, बाकी काही नाही. निंग्याच्या पत्राला उत्तर आलं नाही. भाताच्या लोंब्या भरल्या तेव्हा मात्र नियमांच्या पुस्तकात एक ओळ गुपचूप बदललेली आढळली: जमिनीवर आडवी असेल आणि शंका असेल, तर हात वर असला तरी 'पडली'. कोणी, का, कोणाच्या सांगण्यावरून, काही लिहिलेलं नव्हतं. बायांनी ती ओळ एकमेकींना वाचून दाखवली आणि कामाला लागल्या.

मका काढायच्या दिवसांत, भर दुपारी, योलानचा फोन वाजला. योपिंग होता, आवाज फुटलेला.

"ताई, आई पडली! फोन वाजतोय माझा, दाखवतंय, आई जमिनीवर आहे!"

खुर्ची मागे कलंडली ती कोणी उचलली तिला माहीत नाही. खिंडीच्या चढावर स्कूटर धापा टाकत होती आणि ती मोठमोठ्याने देवाला, बापाला, जो कोणी ऐकेल त्याला सांगत होती, जिवंत असू दे.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई शेगडीजवळ जमिनीवर आडवी होती, डोक्याखाली नीट घडी केलेलं जाकीट, डावा हात वर.

"आई!"

"हळू," आई म्हणाली. "तो बघतोय."

"कुठे लागलं? कंबर हलतेय का?"

"पडले नाही गं. आडवी झालेय."

योलानने शेजारी बसून तिची कंबर, पाय चाचपून बघितले. जिवात जीव आला आणि त्याच्या मागोमाग राग आला. "का? कशासाठी?"

लहान मूल चोरी पकडल्यावर बघतं, तशी आई कपाटाकडे बघत होती. "ली बाईच्या मुलाचा फोन वाजला म्हणे, ती नुसती घसरली तर. मला बघायचं होतं, आपलाही वाजतो का." मग हळूच म्हणाली, "वाजला गं. त्याने आवाज दिला कॅमेऱ्यातून. आई, आई, म्हणून. चार महिन्यांनी ऐकला."

फुलांशेजारच्या कॅमेऱ्यातून खरखर आली. मागे धडधड नव्हती. तो कुठेतरी बाहेर, जिन्यात किंवा संडासात जाऊन उभा असावा.

"ताई? ताई पोचलीस का? आई कशी आहे?"

आईने घाईघाईने हात हलवला. "सांग त्याला, मी ब..."

योलानने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. तेच बोट, ज्यावर एक रेष उरली नव्हती. तिने मान हलवून नको म्हटलं. आईने तिच्याकडे बघितलं, आपल्या वाकड्या मनगटाकडे बघितलं. मग लेकीचा आधार घेऊन उठून बसली, केस सारखे केले आणि कपाटाकडे तोंड वर केलं.

"योपिंग," ती म्हणाली, "मी बरी नाहीये. मला एकटीला करमत नाही. घरी ये."

इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की योलानला वाटलं, वीज गेली. पण हिरवा दिवा जळत होता. मग कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"येतो," योपिंग म्हणाला. "आई, येतो."

"बरं," आई म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत पुढे म्हणाली, "जेवलास का?"